कमरेची शिवराई

तेव्हा मी अगदीच कोवळी होते. सत्तावन्न वर्षांची. आता सत्तरीत बसून त्या पोरीचे एकेक उद्योग आठवते तेव्हा वाटतं, समोर असती तर कान धरून उठाबशा काढायला लावल्या असत्या.

तिसगावात आमची पिठाची गिरणी आहे. आमचे हे जात्याकडं बघायचे, मी गल्ल्यावर बसायचे. दळणाच्या सुट्या पैशांत काय काय येतं ते गल्ल्यावर बसल्याशिवाय कळत नाही. कुणाच्या तरी फडताळाच्या कोपऱ्यातून निघालेले कमळाचे वीस पैसे, नागमोडी काठाचे दहा पैसे, कधी चुकून एखादा भोकाचा पैसा. मी ते बाजूला काढून ठेवायचे. नाद लागला तो तिथं.

नाद लागला म्हणून अक्कल आली असं कुणी समजू नये. चाराणे बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मी बाजूला काढून काढून लाडवांचा पितळी डबा चाराण्यांनी गच्च भरला. जगात हे फक्त मलाच सुचलंय, अशी माझी समजूत. पुढं कळलं की आळीत डबा नाही असं घर नव्हतं. त्यातले मूठभर चाराणे मी पडद्याच्या शिवणीत घातले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. बाकीचे अजून आहेत. त्याआधी माहेरून आलेले तीन राणीछाप रुपये मी भांड्यांच्या पावडरीनं असे घासले की एका राणीचं नाक गेलं. आणि देवघरातलं रामसीतेचं पितळी नाणं. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं की असल्या नाण्याला लाखो रुपये येतात, तर मी मनातल्या मनात ट्रॅक्टर घेऊन त्याचा रंगही ठरवला. लाल.

तो ट्रॅक्टर नगरच्या शेठनी काढून घेतला. कापड बाजाराच्या मागच्या एका बोळात जिना चढून वर त्यांचं जुन्या नाण्यांचं दुकान. एका वेळी दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं जिन्यात थांबायचं, एवढंच. करंजी घाट ओलांडून एसटीनं मी तिथं गेले, पदराच्या गाठीतून रामसीता काढली. शेठनी ती बघितली, कपाळाला लावली आणि परत माझ्या हातात ठेवली. म्हणाले, हे नाणं नाही, देवळाबाहेर विकतात ते आहे. घरी नेऊन नमस्कार करा.

मी रडकुंडीला आले असणार, कारण त्यांनी चहा मागवला. तो चहा म्हणजे माझी शाळा. मग महिन्यातून एकदा मी जायला लागले. शेठनी पहिली गोष्ट शिकवली ती अशी, की ताई, नाण्याला आंघोळ घालायची नसते. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग हीच त्याची साय. ती काढली की दूध पाणी झालं. दुसरं, वजन आणि काठ आधी बघायचा, अक्षरं नंतर. तिसरं, जुनं म्हणजे दुर्मीळ नाही. शिवराई हे तांब्याचं नाणं किती जुनं, पण त्यांच्या ढिगाऱ्यात शिवराया शेंगदाण्यासारख्या पडलेल्या असायच्या. मग भाव कुणाला? तर ज्या शिवराईवर ठिपक्यांची माळ अख्खी दिसते तिला. शिवराई हातानं ठोकलेली असते. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. त्यामुळं काठाची दाण्यांची माळ कधी निम्मी येते, कधी पाव. दोन्ही बाजूंना पुरती माळ उठलेली शिवराई शेठच्या हातून आयुष्यात चार-पाच वेळाच गेली होती. हे सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. माझा लोभ तिथंच उठून उभा राहिला असावा.

आता आमच्या आळीची शिवराई सांगते.

तिला वर एक कडी डागलेली असते. काळ्या दोऱ्यात ओवून ती तान्ह्या लेकराच्या कमरेला बांधायची. लेकरू तिन्हीसांजेला पोट धरून रडायला लागलं की पोटाला तांबं लागलेलं बरं, असं सगळ्यांचं म्हणणं. लेकरू रांगायला लागलं की सोडायची आणि आळीतल्या पुढच्या लेकराला द्यायची. ती कुणाच्याच मालकीची नाही. सध्या कुठं आहे आणि इथून कुठं जाणार, हे मोठी आत्या ठरवणार. मोठी आत्या म्हणजे आळीचीच लेक, लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परतलेली आणि मग राहिलेली. आळीतली तीन पिढ्यांची लेकरं तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण ऑपरेशनला तयार नव्हती. बघायचं ते बघून झालं म्हणायची.

ही शिवराई आमच्या ह्यांच्या कमरेला होती. माझ्या दोन्ही पोरांच्या कमरेला तर मी स्वतःच्या हातानं बांधली होती. पण तेव्हा ती शिवराई होती, नाणं नव्हतं. नजरच नव्हती तशी.

सून माहेराहून तीन महिन्यांची नात घेऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी आत्यानं शिवराई पाठवली. सून फार्मसी शिकलेली. तिनं शिवराईला नावं ठेवली नाहीत, फक्त चहाच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळून घेतली. मग बांधली. आठ-दहा दिवसांनी नातीला तेल लावता लावता माझा अंगठा त्या शिवराईवरून फिरला आणि काठाला बारीक बारीक काहीतरी लागलं. मी शेठकडून घेतलेलं भिंग आणलं आणि नातीच्या पोटावर वाकले. तिला गुदगुल्या झाल्या, ती खदखदून हसली. मी हसले नाही. दाण्यांची माळ, एक दाणा न गळता, पुऱ्या गोलात. उलटी करून बघितली. तिथंही तसंच.

माणसाला चांगली बुद्धी सुचायला वेळ लागतो, दुसरी लगेच सुचते. आळीतल्या बायकांना दाणे आणि माळ यातलं काय कळतं, त्यांना काय, तांब्याची कुठलीही चकती चालेल. असा विचार त्या सत्तावन्न वर्षांच्या शहाणीनं केला. पुढच्या फेरीत मी शेठच्या ढिगाऱ्यातून एक कडीवाली शिवराई शंभर रुपयांना उचलली. रंग तसाच, आकार तसाच, कडी तशीच गुळगुळीत. माळ मात्र निम्मीच. कडीवाली कशाला घेताय, तिला कोण विचारतं, असं शेठ म्हणाले. मी म्हटलं, असू दे, आवडली.

नातीच्या आंघोळीचं काम मी अचानक अंगावर घेतलं. सुनेला नवल वाटलं, कारण त्याआधी आंघोळीच्या वेळी मी नेमकी गिरणीत असायचे. दोन दिवस प्रेमानं तेल लावलं आणि तिसऱ्या दिवशी दोऱ्यातली शिवराई बदलली. नातीनं कुणाला काही सांगितलं नाही. खरी शिवराई माझ्या बटव्यात गेली.

सगळ्यात हसू येतं ते यानंतरचं. मी ती घेऊन नगरला गेले. शेठ खुर्चीतून उठून खिडकीशी गेले, बराच वेळ भिंगातून बघत राहिले. कुठं मिळाली विचारलं. घरातच होती, मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

"ताई, ही कडी नसती ना, तर पाच हजार हातात घेऊन उभी राहणारी माणसं आहेत माझ्याकडं. कडीसकट कुणी हजारसुद्धा देणार नाही."

"मग काढा कडी."

"डाग राहील."

"राहू दे."

त्यांनी आणखी एकदा विचारलं. विकायची आहे का, नसेल तर कशाला हात लावायचा. मला विकायची नव्हतीच. मला ती निर्दोष हवी होती. माझ्या संग्रहात बिनकडीची, अख्ख्या माळेची शिवराई, आणि शेठच्या तोंडून ताईंकडं एक आहे बरं का, असं दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलेलं. त्यासाठी मी मान डोलावली. त्यांनी बारीक करवतीनं कडी कापली, कानशीनं काठ घासला. जिथं कडी होती तिथं देवीची लस टोचल्यावर दंडावर राहतो तसा गुलाबी व्रण उठला. शेठनी परत भिंग लावलं आणि हळूच म्हणाले, आता तिला कडीवाली म्हणता येत नाही आणि बिनकडीचीही नाही. हजार-बाराशे, एखादा हौशी असला तर.

म्हणजे कडी होती तेव्हा ती आळीची होती. कडी कापल्यावर ती कुणाचीच राहिली नाही, माझीसुद्धा.

घरी आणून मी ती पुठ्ठ्याच्या चौकटीत, पारदर्शक कागदाखाली बसवली आणि पंचाईत कळली. संग्रह करतात कशाला? दाखवायला. आणि हे एकच नाणं मी कुणाला दाखवू शकत नव्हते. आमच्या ह्यांनाही नाही, कारण त्यांच्या कमरेला ते रांगेपर्यंत होतं आणि तेवढी एक गोष्ट त्यांना नक्की आठवली असती. मग दुपारी गिरणी बंद असताना पिठाच्या गोण्यांमागं जाऊन मी एकटीच भिंग लावून बघायचे. नाकावर पीठ. एकदा ह्यांनी विचारलं, गोणीत उंदीर सापडला का. हो म्हटलं.

एवढ्यात समोरच्या घरातल्या सुनेला नऊ वर्षांनी मूल झालं. मुलगी. आत्यानं जाहीर केलं की आमच्या नातीनंतर शिवराई तिच्याकडं. तेव्हापासून ती समोरची पोर, म्हणजे त्या लेकराची आई, गिरणीत आली की पहिला प्रश्न ठरलेला. काकू, नात पालथी पडती का. काकू, नात बसाय लागली का. माझ्या नातीच्या प्रगतीवर इतकं बारीक लक्ष तिच्या बापानंही ठेवलं नाही. त्या पोरीच्या लेकीचं पोट दुखायचं. दिवेलागणीच्या सुमाराला समोरून रडं सुरू व्हायचं आणि तास-दीड तास चालायचं. डॉक्टरनं थेंब दिले होते, तेही चालू होते. पण तिचं सगळं चित्त आमच्या नातीच्या कमरेकडं.

एका संध्याकाळी ती खांद्यावर रडतं लेकरू घेऊन गल्ल्याशी आली. म्हणाली, काकू, ठेवून घेत नाही, पर सांजच्याला तासभर बांधून लगेच आणून दिली तर चालेल का. मी म्हटलं, नियम आहे गं, रांगल्याशिवाय सोडायची नाही. नियम. हा शब्द माझ्या तोंडातून निघाला आणि जात्यात खडा आल्यासारखा आवाज मला एकटीलाच ऐकू आला. ती पोर हो म्हणाली, अजिबात रागावली नाही. उलट ब्लाऊजमधून एक पुडी काढून दाखवली. तिनं स्वतःच्या हातानं काळा दोरा वळून ठेवला होता, तीन पदरी, टोकाला बारीक गाठी. म्हणाली, नीट झालाय ना बघा, तुमी बांधलीय दोनदा, तुमाला माहीत.

मी दोरा बघितला. नीट झाला होता.

बदललेली शिवराई तिला गेली असती तरी तिला कधी कळलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तेच सहन होईना. दुसऱ्या दिवशी सुनेला खोटं सांगून मी जीपनं पाथर्डीला गेले. तिसगावच्या सोनाराकडं गेले असते तर आळीत माझ्याआधी बातमी पोचली असती. पाथर्डीच्या सोनाराला म्हटलं, हिला कडी लावून द्या, साधी, जुन्यासारखी. फुंकणीनं जाळ करून त्यानं डाग दिला, नाणं लालभडक झालं, मग कसल्याशा पाण्यात बुडवलं. चिमट्यानं बाहेर काढलं तेव्हा माझ्या तोंडाचं पाणी पळालं. शिवराई गुलाबी. नव्या तांब्याच्या तांब्यासारखी लखलखीत. साय तर गेलीच, पण असं वाटत होतं की सकाळीच कुणीतरी बनवलीय. सोनार कौतुकानं म्हणाला, आजी, बघा, नव्यासारखी करून दिली.

त्याला पैसे देऊन बाहेर पडले. माझा बेत साधा होता. महिनाभर काहीतरी करून रंग चढवायचा, मग गुपचूप अदलाबदल. नातीला रांगायला अजून वेळ होता.

जीपमधून उतरून घरी आले तर ओसरीवर हे गुडघ्यांवर बसून टाळ्या वाजवत होते आणि नात त्यांच्याकडं रांगत चालली होती. चांगली दहा-बारा पावलं. एरवी मी साखर वाटली असती. मी पायरीवरच बसले. सून म्हणाली, आई, आत्यांना निरोप पाठवला, त्या उद्या सकाळी येतायत.

सकाळी आत्या काठी टेकत आली, सोबत आळीतल्या सात-आठ बायका. समोरची पोर लेकरू घेऊन पहिल्या रांगेत, पुडीतला दोरा हातात. सुनेनं नातीच्या कमरेची शिवराई सोडून आत्याच्या तळहातावर ठेवली. खरी माझ्या कनवटीला होती आणि मला वाटत होतं तिचा लखलखाट लुगड्यातून बाहेर येतोय.

आत्यानं अंगठा फिरवला. एकदा. मग उलटी करून परत.

"ही न्हवं ती."

एक बाई म्हणाली, आत्या, आमच्या डोळ्यांसमोर सोडली की. आत्या म्हणाली, "सोडली असंल. ही ती न्हाई. पन लेकरांचीच हाय. काठ बघ कसा मऊ झालाय, लई पोटांवर लोळलीय ही. कुन्या गावची हाय गं?"

शेठच्या ढिगाऱ्यात मी ती शंभर वेळा उलटीपालटी केली असेल. वजन बघितलं, काठ बघितला, निम्मी माळ बघितली. ती कुठल्यातरी गावची असेल, तिथंही लेकरं असतील आणि मग ती विकली गेली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आंधळ्या म्हातारीला ते अंगठ्यानं कळलं.

आता सगळ्या बायका सुनेकडं बघायला लागल्या. शिकलेली सून, शिवराई उकळून घेणारी, नक्की हिनंच टाकली असणार कुठंतरी. एकीनं तसं बोलून पण दाखवलं. सून खाली बसून नातीला झबलं घालत राहिली. ती माझ्याकडं बघतही नव्हती, आणि इतक्या कटाक्षानं बघत नव्हती की मला एकदम उमगलं, हिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत आहे.

मग मी कनवटीला हात घातला.

"मी बदलली," मी म्हटलं. "खरी ही आहे."

गुलाबी, लखलखीत शिवराई पुढं केली आणि बायकांनी मला वेड्यात काढलं. ही तर कालच केलेली दिसतीय. काकू सुनेला पाठीशी घालतायत. एवढ्या प्रेमळ सासवा हल्ली मिळत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरेपूर खरं बोलत होते आणि एकही माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हतं. खोटी शिवराई खरी दिसत होती आणि खरी अशी दिसत होती की माझासुद्धा तिच्यावर विश्वास बसेना.

आत्यानं हात पुढं केला. ह्या वेळी अंगठा नाही, नख लावलं. काठावरून, सावकाश, दाण्या-दाण्यावर थांबत पूर्ण गोल फिरवलं. मग उलटं करून तसंच.  समोरच्या पोरीनं दोरा मुठीत आवळला होता.

"हीच," आत्या म्हणाली. "अख्ख्या माळंची आपल्याकडं ही येकच. बाकीच्यांना दाने अर्धेच असत्यात."

शेठनी खिडकीशी जाऊन भिंगातून जे बघितलं ते ही बाई साठ वर्षं नखानं मोजत होती. आणि मी तिला न कळणारी समजले होते. मग तिनं विचारलं, हिला इस्तवात कुनी घातली. मी सगळं सांगितलं. आंघोळीचं प्रेम, करवत, गोणीतला उंदीर, पाथर्डीचा सोनार. सांगता सांगता कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग थांबेचना कुणी. हे दारात उभे होते, त्यांना तर ठसका लागला. हसली नाही ती समोरची पोर. तिनं एवढंच विचारलं, आत्या, मग माझ्या लेकराला कुठली.

आत्यानं त्या परक्या गावच्या शिवराईवरून हात फिरवला आणि तिच्या ओंजळीत टाकली. "ही घे. हिला काम येतंय. आपल्याकडं आली, आता आपलीच." त्या पोरीनं आपला तीन पदरी दोरा ओवला आणि गाठ मी मारून दिली. तिनंच मला मारायला सांगितली. लेकरू लगेच गप्प झालं वगैरे काही नाही. ते आधीच झोपलं होतं.

राहिली गुलाबी. आत्याचं म्हणणं, जाळ लागलेलं तांबं लेकराच्या पोटाला लावायचं नाही. आधी मोठ्या माणसानं अंगावर घालायचं. घाम लागू दे, तेल लागू दे, रंग येऊ दे. "घाल आता तू," म्हणाली. "माझ्या हाताला बरी लागंस्तवर सोडायची न्हाई."

म्हणजे सत्तावन्नाव्या वर्षी मी कमरेला काळा दोरा आणि शिवराई बांधून गिरणीत बसायला लागले. ही गोष्ट लुगड्याखाली होती, पण आळीत लुगड्याखालचं सगळ्यांना दिसतं. दळण टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, पोट बरंय का. हे रोज सकाळी म्हणायचे, बसाय लागलीस, आता रांगून दाखव. सून मात्र गंभीर. ती मला दर आठवड्याला खोबरेल तेलाची वाटी आणून द्यायची आणि म्हणायची, आई, हिरवं पडलं तर सांगा, मलम देते. हिरवं पडायचंच. एकदा नगरला पोटाची सोनोग्राफी करायची वेळ आली, तर तिथल्या मुलीनं दोरा बघून विचारलं, आजी, हे काय. मी म्हटलं, शिक्षा. तिनं ते मशीनच्या पाटीवर लिहिते की काय असं मला क्षणभर वाटलं.

पण खोटं कशाला सांगू, महिना-दोन महिन्यांत मजा यायला लागली. गल्ल्यावर बसल्या बसल्या अंगठा आपोआप तिथं जायचा आणि दाणे मोजायचा. भिंग मी महिनोन्महिने हातात घेतलं नाही. आधी गुलाबीवर तांबूस झाक आली, मग खारकेसारखा रंग, मग काठाशी काळसर. व्रणावर सगळ्यात उशिरा चढला. मी दर पंधरा दिवसांनी आत्याकडं जाऊन कंबर पुढं करायचे आणि ती नाक मुरडायची, अजून कच्ची हाय. सहाव्या महिन्यात तिनं बराच वेळ अंगठा फिरवला आणि स्वतःच गाठ सोडायला घेतली. सोडायच्या वेळी मी म्हटलं, आत्या, आठवडाभर राहू दे की अजून, परवापासून पोटात जरा गुबारा धरलाय. तिनं काठीनं माझ्या पायावर हलकेच मारलं.

शिवराई आळीच्या टोकाच्या घरात गेली, जुळ्यांतल्या थोरलीला. धाकट्याला समोरच्या पोरीकडची मिळाली, कारण तिची लेक तोवर उभी राहायला लागली होती. एकाच घरात दोन शिवराया हे आळीत पहिल्यांदाच झालं आणि थोरली शिवराई कोणती नि धाकटी कोणती यावरून बायकांत पुष्कळ चर्चा झाली.

त्यानंतर काही दिवसांनी शेठचा फोन आला. सुनेनं उचलला आणि हसू दाबत माझ्याकडं दिला. पुण्याचा एक हौशी आला होता, डागासकट घ्यायला तयार होता, पाच नाही पण तीन हजार नक्की. नाणं घेऊन कधी येता.

"ती कामावर आहे," मी म्हटलं.

"कुठं?"

मी सांगितलं. कडी परत लावली, वर जाळ लावला हे ऐकून ते फोनवरच हाय म्हणाले. मग विचारलं, मोकळी कधी होईल. मी मोठ्यानं मोजून दाखवलं. जुळी रांगतील तोवर आळीतल्या दोघी बाळंत होणार, एक लेक बाळंतपणाला माहेरी येणार, शिवाय गिरणीमागच्या घरात नुकतंच लग्न झालंय. शेठ बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, ताई, माझ्या ढिगाऱ्यात कडीवाल्या अजून सात पडल्यात, कुणी ढुंकून बघत नाही. ठेवू का बाजूला?

ह्यांना विचारून सांगते म्हटलं. आणि ह्यांना न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत जाऊन बसले.